लेट्यूस उगवत नाही, टोमॅटो लांबट होतो: दोन्हीच्या मुळाशी उजेडच

दिंडोरी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांनी या वर्षी घरच्यापुरती रोपवाटिका सुरू केली. वर ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट, खाली ९८ कप्प्यांचे ट्रे आणि कोकोपीट. एप्रिलच्या शेवटी लेट्यूस आणि टोमॅटो एकाच दिवशी टाकले, दोन्ही बी बोटाच्या पेराएवढं खोल. ट्रेची थप्पी लावून वर काळा कागद झाकला आणि सगळं उगवलं की उघडू म्हणून पाचव्या दिवशी थप्पी मोडली. लेट्यूस कुठे कुठे दिसलं, बाकी ट्रे रिकामेच. टोमॅटो भरपूर उगवला, पण रोपं सुतासारखी, पांढरट, एका अंगाला लोळलेली. दुकानदार म्हणतो लेट्यूसचं बी जीएत, म्हणजे वाढीच्या औषधात, भिजवा, शेजारी म्हणतो टोमॅटोवर थोडं कल्टार, म्हणजे वाढ रोखणारं औषध, मारा. त्यांनी विचारलंय, बियाणं बोगस निघालं का, आणि या दोन औषधांपैकी कुठलं घेऊ?

मी निफाडकडे भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतो. उन्हाळ्यात नवीन नर्सरीवाल्यांचे जे फोन येतात, त्यातले बरेच याच दोन तक्रारींचे असतात. माझं मत आधी सांगतो: बियाणं बहुतेक चांगलं आहे आणि आज दोन्हीपैकी एकही बाटली उघडायची गरज नाही. लेट्यूस आणि टोमॅटो या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. बियाला आणि रोपाला उजेड कधी मिळाला, किती मिळाला आणि तेव्हा गरमी किती होती, यातच दोन्हीचं कारण आहे.

बियाण्याची शंका असेल तर ती आधी घरीच फेडून घ्या. ओल्या टिश्यू पेपरवर लेट्यूसचं बी दोन ताटल्यांत मोजून ठेवा. एक ताटली घरातल्या थंड खोलीत, ट्यूबलाइटच्या उजेडात. दुसरी तिथेच, पण अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात घट्ट गुंडाळून. दोन दिवसांनी उघडून मोजा. उजेडातलं बी उगवलं आणि अंधारातलं मागे राहिलं, तर बियाण्याचा दोष नाही. दोन्हीकडे उगवलं नाही तर पाकिटावरची तारीख बघा, कंपनीशी भांडा, मीही तुमच्या बाजूने उभा राहीन. दोन्हीकडे सारखंच छान उगवलं, तर तुमच्याकडे दोष एकट्या गरमीचा होता. लेट्यूसच्या काही जाती थंडाव्यात अंधारातही उगवतात, म्हणून हा तिसरा निकालही येऊ शकतो.

आता कारण. काही बियांना उगवायला उजेड लागतो, काहींना त्याचं सोयरसुतक नसतं आणि थोड्यांना तो नकोच असतो. मटकी फडक्यात बांधून ठेवली तरी मोड येतात. मटकीचा दाणा मोठा, आत शिदोरी भरपूर, त्यामुळे खोल मातीतून वर यायची ताकद असते. लेट्यूस, सेलरी, पिटुनिया यांचं बी बारीक. त्यातली शिदोरी जेमतेम काही मिलिमीटर वर येण्यापुरती. अशा बियाने खोल अंधारात उगवायचं ठरवलं तर उजेडापर्यंत पोचायच्या आतच ते संपेल. म्हणून आपण जमिनीच्या वरच्या थरात आहोत की नाही, हे ते आधी तपासतं.

तपासायचं साधन म्हणजे फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य. त्याची दोन रूपं आहेत. एक रूप साधारण ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषतं आणि दुसऱ्यात बदलतं. दुसरं रूप ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश शोषतं आणि पुन्हा पहिल्यावर येतं. उगवायचा हुकूम हे दुसरं रूप देतं. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्याच ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीवर हे दाखवलं. भिजलेल्या बियाला त्यांनी आळीपाळीने लाल आणि गडद लाल प्रकाश दिला. किती वेळा दिला याने फरक पडला नाही, शेवटचा कुठला होता यावर सगळं ठरलं. शेवटी लाल, तर बी उगवलं. शेवटी गडद लाल, तर बहुतेक बी पडून राहिलं.

इथपर्यंत प्रकाशाचं झालं. पण रंगद्रव्य स्वतः काही कोंब बाहेर ढकलत नाही, ते काम संप्रेरकांचं. बियात दोघांची ओढाताण चालू असते. अ‍ॅब्सिसिक आम्ल, म्हणजे एबीए, बियाला झोपवून ठेवतं. जिबरेलिन, म्हणजे आपल्या द्राक्षवाल्यांचं जीए, त्याला उठवतं. लाल प्रकाश मिळाला की बियातलं जीए तयार होणं वाढतं आणि एबीए कमी होतं. लेट्यूसच्या गर्भाभोवती एक पातळ पण चिवट वेष्टन असतं. जीएच्या हुकमाने ते मूळ जिथून बाहेर पडायचं तिथे मऊ पडतं, आणि मूळ बाहेर येतं. म्हणजे कंपन्या बाटलीत भरून विकतात ते जीए भिजलेलं बी स्वतःच करतं, फक्त त्याला योग्य वेळी उजेड लागतो.

तुमच्या लेट्यूसला उजेड मिळाला नाही, कारण बी बोटाच्या पेराएवढं खाली आणि वर काळा कागद. ओल्या कोकोपीटमधून किंवा मातीतून उजेड काही मिलिमीटरच्या खाली जात नाही. त्यात एप्रिलची गरमी. लेट्यूस २० अंशांच्या आसपास खूश असतं. तापमान २८-३० च्या पुढे गेलं की बियातलं एबीए कमी व्हायला तयार नसतं आणि कित्येक जाती उजेडातही उगवत नाहीत. थप्पीच्या मध्यातल्या ट्रेला हात लावून बघितलात का? बंद कागदाखाली तिथे चांगलीच ऊब धरते. दिवसचे दिवस गरम, ओल्या अंधारात राहिलेलं बी नुसतं थांबत नाही, ते नव्याने गाढ झोपी जातं. नंतर ट्रे गार जागी हलवले, उजेड दाखवला तरी ते लवकर उठत नाही. म्हणून त्या रिकाम्या ट्रेची वाट बघत पाणी घालत बसू नका. ते मोडून नवीन बी टाका.

नवीन टाकताना मी कसं करतो ते सांगतो. कोकोपीट आधी ओलं करून घेतो. बी त्याच्या अंगावर ठेवून नुसतं दाबतो. वर काही टाकलंच तर व्हर्मिक्युलाइटची, म्हणजे फुलवलेल्या हलक्या खनिजाची, चिमूट, बी अर्धवट दिसत राहील इतकीच. उन्हाळ्यात टाकणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पाणी प्यायल्यानंतरचे पहिले बारा ते चोवीस तास लेट्यूसला सगळ्यात नाजूक, आणि नाशिकची एप्रिलमधली रात्र दुपारच्या मानाने बरीच गार असते, तिचा पुरेपूर फायदा घ्यायचा. ट्रे थप्पीत नाही, घरातल्या किंवा गोदामातल्या थंड खोलीत एकेरी पसरून, वर साधी ट्यूब किंवा पांढरा एलईडी. इथे झगमगाट नको, बी जागं व्हायला थोडा उजेड पुरतो. मोड दिसला की मात्र लगेच बाहेर, कारण रोप वाढायला खरा प्रकाश लागतो. तुमचं बी गोळीचं असेल, म्हणजे वर मातीचा लेप असलेलं, तर ते बऱ्याचदा आधीच थोडं जागं करून सुकवलेलं असतं आणि गरमीत जास्त तग धरतं. पण ते फार दिवस टिकत नाही, त्याचं पाकीट पुढच्या हंगामापर्यंत ठेवू नका.

जीएत भिजवलं तर लेट्यूस अंधारात उगवेल का? बऱ्याच वेळा उगवेल, दुकानदार खोटं बोलत नाही. पण ते जीए बियाबरोबर रोपातही जातं, आणि रोपाला ते नको असतं. रोप फिकट आणि उंच निघतं, पानाची भाजी म्हणून त्याचा आकारच बिघडतो. पपईचं वेगळं. पपईचं बी उगवायला फार वेळ लावतं, तिथे मी स्वतः जीएच्या पाण्यात, साधारण १०० ते २०० पीपीएम, बी रात्रभर भिजवतो आणि त्याचा उपयोग होतो. सरसकट जीए वाईट असं मी म्हणणार नाही. लेट्यूसला फुकटच्या उजेडाने जे होतं, त्यासाठी ते वापरू नये एवढंच माझं म्हणणं.

आता टोमॅटो. टोमॅटोला उगवायला बाहेरून उजेड द्यावा लागत नाही. बहुतेक बियांत फायटोक्रोमचं ते जागं करणारं रूप पिकलेल्या दाण्यात आधीच पुरेसं साठलेलं असतं. म्हणून थप्पी लावणं, कागद झाकणं ही पद्धत टोमॅटोला बरोबरच आहे. चूक उघडायच्या वेळेत झाली.

बी उगवलं की कोंबाचा पहिला उद्योग उजेड गाठणं. अंधारात तो सगळी ताकद देठात घालतो. शेंड्याला आकड्यासारखा बाक असतो, दोन्ही दलं, म्हणजे बियातली पहिली दोन पानं, मिटलेली असतात आणि देठ ताणत जातो. तो बाक एथिलीन आणि ऑक्सिन या आणखी दोन संप्रेरकांच्या कामाने टिकतो. वरची माती दाबलेली असेल तर एथिलीन साठतं, देठ आखूड आणि जाड होतो आणि रोप मान खाली घालून माती फोडतं. कोकोपीट हलकं, दाब नाही, त्यामुळे तुमच्या रोपांना फक्त लांब व्हायचं होतं.

त्या देठाला लांबवतं कोण? तेच जीए. अंधारात ऑक्सिन, जीए आणि ब्रासिनोस्टेरॉइड ही तिन्ही संप्रेरकं मिळून पेशी ताणतात. उजेड लागला की फायटोक्रोमचं दुसरं रूप पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि लांबवायचे हुकूम देणारी प्रथिनं मोडून टाकतं. निळा प्रकाश टिपणारी क्रिप्टोक्रोम त्याला साथ देतात. जीएचा जोर उतरतो, बाक सरळ होतो, दलं उघडून हिरवी होतात. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की बियात लाल प्रकाश जीए वाढवतो आणि कोवळ्या देठात तोच प्रकाश जीएचा हात आखडतो. साधन तेच, संप्रेरक तेच, वय बदललं की हुकूम उलटा. म्हणून ‘जीए चांगलं की वाईट’ या प्रश्नाला अर्थ राहत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या अवयवात, हे विचारावं लागतं.

जीए शोधलं गेलं तेही अशाच काटकुळ्या रोपांमुळे. भाताची काही रोपं इतरांपेक्षा उंच, फिकट, बारीक होऊन कोलमडायची. १९२६ साली कुरोसावा यांनी दाखवलं की एका बुरशीतून निघणाऱ्या द्रव्यामुळे निरोगी रोपंही तशीच होतात. १९३८ पर्यंत जपानमध्ये त्याचे स्फटिक वेगळे झाले. द्राक्षाच्या घडाचा देठ आणि मणी लांबवायला आपण आज तेच वापरतो. म्हणून एक विनंती, अगदी हात जोडून: द्राक्षाला जीए मारलेला पंप रोपवाटिकेत आणू नका. नुसता पाण्याने खळबळून धुतलेला पंपसुद्धा नको. थोड्याशा उरलेल्या द्रावणाने अख्खा लॉट उंच झालेला मी पाहिला आहे, आणि तिथे मालक आठवडाभर शेडनेटला दोष देत होता. रोपांचा पंप वेगळा, त्यावर ऑइल पेंटने खूण.

थप्पी कधी मोडायची याचा ठरलेला दिवस मी सांगू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवसांत वेळ येते, डिसेंबरच्या थंडीत पाच-सहा दिवसही लागतात. जातीनुसार आणि बियाच्या वयानुसार फरक पडतो. म्हणून दिवस मोजू नका, ट्रे बघा. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मधला एक ट्रे ओढून, कप्प्यातलं कोकोपीट जवळून न्याहाळायचं. आधी वरचा थर किंचित फुगतो, बारीक भेग पडते. मग त्या भेगेत पांढऱ्या देठाची पाठ दिसते, दल अजून खालीच असतं. दहा कप्प्यांतल्या एक-दोन कप्प्यांत अशी पाठ दिसली की थप्पी मोडायची, मग रात्रीचे नऊ वाजलेले असोत. सगळे उगवू देत म्हणून थांबलात तर आधी उगवलेली रोपं अंधारात ताणली जातात. आणि पेशी एकदा ताणली की पुन्हा आखूड होत नाही. नंतर कितीही ऊन दाखवलं तरी खालचा देठ तेवढाच राहतो, फक्त पुढची वाढ सुधारते.

थप्पी वेळेवर मोडूनही रोपं लांबट होतात, त्याची कारणं वेगळी. पहिलं, ७५ टक्क्यांची नेट. माझ्या मते आपल्याकडे टोमॅटोला ५० टक्के भरपूर झाली, तीही दुपारच्या कडक उन्हापुरती, आणि लावणीआधीचा आठवडा तर रोपाने ऊन खाल्लंच पाहिजे. काळी जाळी प्रकाश नुसता कमी करते. हिरवी जाळी त्यातला लाल भाग थोडा जास्त खाते आणि गडद लाल सोडते, म्हणजे रोपाला वाटतं आपण दुसऱ्या झाडाखाली आहोत. पांढऱ्या माशीसाठी लावलेली ४० मेशची कीटकजाळी मात्र काढू नका. माशीबरोबर लीफ कर्लचा, म्हणजे पानं वळवणाऱ्या रोगाचा, विषाणू शिरला तर आखूड देठाचं रोपही काही कामाचं नाही. पावसाळ्यात ढगांचे दिवस सुरू झाले की वरची शेडनेट गुंडाळून ठेवायची, कीटकजाळी आणि पावसाचा कागद तेवढा राहू द्यायचा.

दुसरं कारण दाटी. मोकळ्या उन्हात लाल आणि गडद लाल यांचं प्रमाण साधारण १.२ असतं. पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि गडद लाल आरपार सोडतं, परतही फेकतं. त्यामुळे दाट पानांखाली हे प्रमाण ०.२ च्याही खाली जाऊ शकतं. शेजारच्या पानांवरून परतलेला गडद लाल प्रकाश देठावर पडला तरी रोप ओळखतं की शेजारी कोणी उभं आहे, आणि प्रत्यक्ष सावली पडायच्या आधीच लांब होऊ लागतं. पानात ऑक्सिन तयार होतं, देठात उतरतं, जीए त्याला साथ देतं, आणि मुळांकडे जायची शिदोरी देठात जाते. म्हणून ट्रेमध्ये पानाला पान भिडलं की ट्रे एकमेकांपासून सोडवून ठेवायचे. कडेच्या रोपांची चण नेहमी मधल्यांपेक्षा बुटकी आणि जाड दिसते ती याच कारणाने.

तिसरं, गरम रात्र. फायटोक्रोमचं जागं रूप अंधारात आपोआप परत फिरतं, आणि जितकी ऊब जास्त तितकं लवकर. हे रंगद्रव्य तापमानही ओळखतं हे २०१६ साली प्रयोगांनी स्पष्ट झालं. आपल्या कामाचा अर्थ एवढाच, की बाजू बंद करून रात्री ऊब धरून ठेवली तर रोप लांबतं. उन्हाळ्यात संध्याकाळी बाजूचे पडदे वर करा, पाणी सकाळी द्या, नत्राचा हात आखडा.

आता शेजाऱ्याचं कल्टार. त्यातलं पॅक्लोब्युट्राझॉल झाडाला जीए तयारच करू देत नाही, म्हणून आंब्याला वाढ थांबवून मोहोर आणायला वापरतात. रोपावर मारलं तर रोप आखूड दिसेल, यात शंका नाही. पण तुमच्या रोपांचा देठ आधीच लांबला आहे, तो आखूड होणार नाही. उलट हे औषध मुळांजवळ टिकून राहतं आणि मात्रा जराशी जास्त झाली तर लावणीनंतर रोप आठवडेच्या आठवडे जागेवर बसतं. लेट्यूससारख्या पालेभाजीच्या आसपास तर ते आणूच नये. वाढरोधकांच्या अंशांचा प्रश्न काय असतो हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. २०१० साली क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, त्याचा फटका निफाड-दिंडोरीतल्या कित्येक घरांना बसला.

औषधाऐवजी एक जुना उपाय आहे. दुसरं खरं पान आलं की रोज एकदा, पानं कोरडी असताना, हलका पीव्हीसी पाइप किंवा काठी रोपांच्या शेंड्यांवरून दोन्ही दिशांनी फिरवायची, रोपं वाकून परत उभी राहतील इतक्याच दाबाने. वाऱ्याने हलल्यासारखं होतं, रोप देठ जाड करतं आणि उंची आवरतं. पानं ओली असताना किंवा लॉटमध्ये जिवाणूचा करपा दिसत असताना हे करू नका, नाहीतर रोग ट्रेभर पसरेल.

आता हातात असलेल्या टोमॅटोचं. जी रोपं जमिनीलगत दोऱ्यासारखी पिचली आहेत ती काढून टाका, त्यांना पुढे मर लागणारच. बाकीची आजपासून पूर्ण सकाळच्या उन्हात आणा, दुपारी ५० टक्के सावली. २२-२५ दिवसांची झाली की लावताना दलांपर्यंत खोल लावा, फार लांब असतील तर सरीत थोडी आडवी निजवून फक्त शेंडा वर ठेवा. टोमॅटोच्या देठाला मातीत गेल्यावर नवीन मुळं फुटतात, त्यामुळे लांब देठ वाया जात नाही. कलमी रोप असेल तर मात्र हे अजिबात करायचं नाही, जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. ढोबळी मिरचीवरही भरवसा ठेवू नका, तिला अशी मुळं सहज फुटत नाहीत. लेट्यूसचा गाभा तर कधीच मातीत गाडू नये, सडतो.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की खरिपाच्या कांद्याचं उळे टाकणार आहात, त्यालाही वरवर टाकून उजेड द्यायचा का. नाही. कांद्याला तो लागत नाही. सेंटिमीटरभर मातीआड, वाफा सतत ओलसर आणि बी याच वर्षीचं, एवढं पाळा. उजेडाचा उपयोग तिथे तणासाठी करून घ्या. तणाचं बारीक बी जमिनीत गाडलेलं असतं आणि मशागतीत वर येऊन क्षणभर उजेड पाहिला तरी जागं होतं. वाफे तयार करून आठ-दहा दिवस आधी एक पाणी द्या, तण उगवू द्या, माती न उकरता वरच्या वर खुरपून काढा आणि मग उळे टाका. खोल उकरलंत तर खालचं नवीन बी वर येईल आणि निंदणीचा खर्च पुन्हा दारात उभा राहील.